अस्सल बरहुकूम नक्कल

मानवी पेशीचं कौतुक करणाऱ्यांची महाराष्ट्रात टंचाई नाही. व्याख्यानमालेच्या तिसऱ्या पुष्पात, योगशिबिराच्या समारोपात आणि पहाटेच्या व्हॉट्सॲप संदेशात ते हमखास भेटतात. शरीर म्हणजे कसं अचूक यंत्र, त्यात काडीही वाया जात नाही, वगैरे. ऐकणाऱ्यांत एखादे गृहस्थ असे असतात, की ते आदल्याच आठवड्यात आजोबांच्या नावच्या फेरफाराची नक्कल काढायला तहसील कचेरीत खेटे घालून आलेले असतात. आपल्या आत तरी सगळं शिस्तीत चाललंय, या कल्पनेनं त्यांना जरा बरं वाटतं. अडचण एवढीच, की आतही दिवसरात्र नकलाच निघत असतात. आणि ते काम कसं चालतं हे एकदा पाहिलं, की तहसील कचेरीबद्दल आदर वाढतो.

दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात या कामाला प्रतिलेखन म्हणतात. डीएनएच्या एका धाग्यावरून आरएनए तयार होतो, ‘टी’च्या जागी ‘यू’ येतो, पुढे भाषांतरण आणि मग प्रथिन. मुलं एवढं पाठ करतात, गुण मिळवतात आणि विसरतात. पुस्तकात सगळं सरळ दिसतं, कारण पुस्तकात अर्जदार, कारकून, रखडलेल्या फायली आणि केराची टोपली यांचा उल्लेख नसतो.

दप्तरापासून सुरुवात करू. माणसाच्या डीएनएच्या एका संचात सुमारे ३२० कोटी अक्षरं असतात आणि आईकडून एक, वडिलांकडून एक असे दोन संच जवळजवळ प्रत्येक पेशीच्या केंद्रकात ठेवलेले असतात. सरळ केलं तर हे बाड साधारण दोन मीटर लांब भरतं. ते ज्या खोलीत कोंबलंय, तिची रुंदी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढीही नसते. त्यात प्रथिनं बनवण्याच्या सूचना देणारी जनुकं वीस हजारांच्या आसपास आणि त्या सूचनांची प्रत्यक्ष अक्षरं शंभरात जेमतेम एक-दीड. बाकीच्या कागदांत जुन्या विषाणूंचे अवशेष आहेत, त्याच त्या मजकुराच्या लाखो पुनरावृत्त्या आहेत, बंद पडलेली जनुकं आहेत. कोणी काही फेकलेलं नाही. मूळ कागद खोलीबाहेर न्यायचा नाही, हा इथला एकमेव कडक नियम. ज्याला जे हवं, त्याची नक्कल निघेल.

नक्कल काढणारा कारकून म्हणजे आरएनए पॉलिमरेज. आपल्याकडे केंद्रकात असे तीन आहेत. रॉबर्ट रोडर यांनी १९६९ साली ते वेगवेगळे करून दाखवले. पहिला प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमच्या आरएनएचं काम पाहतो, तिसरा मुख्यतः छोट्या आरएनएंचं आणि दुसरा आपला खरा नायक, प्रथिनांचे निरोप लिहिणारा. हा दुसरा एकटा नाही; बारा प्रथिनं एकत्र आली की एक कारकून होतो. वनस्पतींकडे आणखी दोन जादा पॉलिमरेज आहेत. त्यांचा आकृतिबंध कोणी मंजूर केला ते वनस्पतींनाच ठाऊक.

बारा जणांच्या या कारकुनाला एक गोष्ट जमत नाही. नक्कल कुठून सुरू करायची, हे त्याला कळत नाही. त्यासाठी वेगळी समिती आहे. जनुकाच्या दाराशी, सुरुवातीच्या अलीकडे पंचवीस-तीस अक्षरांवर, कधी कधी टी-ए-टी-ए अशी पाटी असते. तिला ‘टाटा बॉक्स’ म्हणतात. ही पाटी प्रत्येक दारावर असते असं पाठ्यपुस्तकं भासवतात, पण माणसाच्या बहुसंख्य जनुकांपुढे ती नसतेच. असो वा नसो, तिथे आधी टीएफ-टू-डी येऊन बसतो, मग ए आणि बी. बी आला की कारकुनाला एफ हाताला धरून आणतो, नंतर ई आणि शेवटी दहा प्रथिनांचा एच. एच आल्याशिवाय दप्तराची गाठ सुटत नाही. या सगळ्यांच्या वर पंचवीसहून जास्त प्रथिनांचा एक मीडिएटर असतो. बाहेरच्या शिफारशी कारकुनाच्या कानावर घालणं हे त्याचं काम. हुद्दा वेगळा असला तरी कचेरीच्या आवारात झाडाखाली बसणारा हा माणूस मराठी वाचकाला लगेच ओळखू येईल.

शिफारशी येतात कुठून? कधी शेजारून, कधी दहा लाख अक्षरांवरून. हाताची बोटं घडवण्यात एका जनुकाचा मोठा हात आहे. त्याचं नाव ‘सॉनिक हेजहॉग’. हे नाव एका व्हिडिओ गेममधल्या पात्रावरून ठेवलंय. शास्त्रज्ञांच्या बारशात आत्याबाई नसल्या की असं होतं. गर्भाच्या हातापायांत या जनुकाची नक्कल कधी आणि कुठे काढायची, हे सांगणारा डीएनएचा तुकडा जनुकाजवळ नाही. तो सुमारे दहा लाख अक्षरं दूर, भलत्याच जनुकाच्या पोटात राहतो. तिथून धागा वळसा घेऊन दाराशी येतो आणि शिफारस पोचते. या तुकड्यातलं एखादं मोक्याचं अक्षर जरी बदललं, तरी नक्कल नको तिथेही निघू लागते आणि बोट जादा फुटतं. अमेरिकेत की वेस्टला अर्नेस्ट हेमिंग्वे यांच्या घरी आजही जी जादा बोटांची मांजरं आरामात लोळत असतात, त्यांच्यात नेमका हाच बदल सापडला. जनुक ठणठणीत आहे, प्रथिन ठणठणीत आहे, फक्त शिफारसपत्रात एक अक्षर चुकलं आणि मांजराला सहावं बोट मिळालं. सापांत हाच तुकडा निकामी झालेला आहे. शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये सापाचा तुकडा उंदरांत बसवून पाहिला, तर उंदरांचे पाय खुंटले.

आता तरी लिहायला सुरुवात व्हावी. ती होते, आणि लगेच थांबते. कारकून दोन-चार अक्षरं लिहितो आणि फेकून देतो. पुन्हा आठ-नऊ लिहितो, पुन्हा फेकतो. जिवाणूंमध्ये हा प्रकार फार बारकाईनं मोजलेला आहे. दहा-बारा अक्षरांच्या आतले हे तुकडे एका पूर्ण नकलेआधी कितीतरी वेळा टाकले जातात. कारण २००६ साली नीट उमगलं. कारकून या काळात जागेवरून हलतच नाही. खुर्चीला चिकटून राहून तो पुढचा डीएनए स्वतःकडे ओढून घेतो. ओढता ओढता ताण एवढा वाढतो, की एक तर खुर्ची सुटते, नाहीतर कागद हातातून निसटतो. बहुतेकदा कागद निसटतो.

खुर्ची सुटली की सुटलो म्हणावं, तर माणसासारख्या प्राण्यांत पुढे आणखी एक थांबा आहे. वीस ते साठ अक्षरं लिहून झाली की पॉलिमरेज दबकून उभा राहतो आणि वरून एका एन्झाइमची सही येईपर्यंत हलत नाही. हजारो जनुकांच्या तोंडाशी असे अर्धवट नकला हातात धरलेले कारकून उभे असतात. त्यावर कहर म्हणजे, २००८ च्या डिसेंबरात एकाच वेळी काही प्रयोगशाळांनी जाहीर केलं, की पुष्कळ दारांशी पॉलिमरेज दोन्ही दिशांना बसलेले असतात. एक जनुकाकडे तोंड करून, दुसरा उलट दिशेला. उलटा कारकूनही मन लावून लिहितो. त्याचं लिखाण वेचून नष्ट करायला पेशीनं वेगळी यंत्रणा ठेवलीय. त्याला कोणी वळवून बसवत मात्र नाही.

एकदा गाडी मार्गी लागली, की वेग वाईट नाही. मिनिटाला दोन-तीन हजार अक्षरं आरामात होतात. जगातला कुठलाही टंकलेखक यापुढे हात टेकेल. पण दप्तर किती मोठं आहे, यावर सगळं अवलंबून आहे. स्नायू शाबूत ठेवणाऱ्या डिस्ट्रोफिन या प्रथिनाचं जनुक बावीस लाखांहून जास्त अक्षरांचं आहे. त्याची एक नक्कल काढायला सुमारे सोळा तास लागतात, असं १९९५ साली मोजलं गेलं. सोळा तास सलग, जेवणाची सुट्टी नाही. एवढं करून हाती काय राहतं? चौदा हजार अक्षरं. उरलेली नव्याण्णव टक्क्यांहून जास्त नक्कल कापून टाकली जाते.

ही कापाकापी फिलिप शार्प आणि रिचर्ड रॉबर्ट्स यांच्या गटांनी १९७७ साली स्वतंत्रपणे उघडकीला आणली, तेव्हा जीवशास्त्रज्ञांचा विश्वास बसेना. जनुक म्हणजे सलग मजकूर, असं सगळे धरून चालले होते. प्रत्यक्षात मजकुराच्या ओळींमध्ये पानंच्या पानं असंबद्ध भरताड असतं. कारकून काही न वगळता ते सगळं उतरवतो आणि मग कात्री घेतलेली वेगळी टोळी येऊन उपयोगाच्या ओळी एकमेकींना चिकटवते. डिस्ट्रोफिनच्या बाबतीत असे ७९ तुकडे जोडावे लागतात. आधीच वगळून लिहिलं असतं तर? हा प्रश्न पेशीला कोणी विचारलेला नाही. शार्प आणि रॉबर्ट्स यांना मात्र १९९३ चं नोबेल मिळालं. कापाकापीच्या बाजूनं एवढं म्हणता येईल, की वेगवेगळे तुकडे निवडून एकाच जनुकातून वेगवेगळी प्रथिनं काढता येतात आणि पेशी त्याचा भरपूर फायदा घेते.

थांबणं हा तर स्वतंत्र विषय आहे. मजकूर संपला, शेवटी खूण आली, नक्कल कापून वेगळी झाली, तिच्या शेपटाला दोनशेच्या आसपास ‘ए’ अक्षरांची माळही जोडली गेली. पण पॉलिमरेज लिहितोच आहे. पुढची हजारो अक्षरं, ज्यांना कोणी विचारलेलं नाही, ती तो तितक्याच निष्ठेनं उतरवत जातो. त्याला आवरायला एक्सआरएन-टू नावाचं एन्झाइम मागून धावतं. कारकुनाच्या हातून लोंबणारा नवा कागद ते टोकापासून खात सुटतं आणि खात खात त्याच्यापर्यंत पोचलं, की मगच तो धागा सोडतो. या पद्धतीला ‘टॉर्पेडो’ म्हणतात. निवृत्तीचं वय उलटूनही टेबल न सोडणाऱ्यांसाठी इतर कुठल्या खात्यात अशी सोय असल्याचं ऐकिवात नाही.

चुकांचं काय? मूळ दप्तराची नवी प्रत काढताना, म्हणजे पेशीचं विभाजन होताना, दुरुस्त्या धरून शंभर कोटी अक्षरांत एखादी चूक राहते. आरएनएची नक्कल काढताना मात्र लाखाला एखादी चूक सहज खपते. पॉलिमरेज कधी कधी दोन पावलं मागे येऊन चुकलेलं अक्षर खोडतो, हेही खरं. पण बावीस लाख अक्षरांच्या डिस्ट्रोफिनमध्ये या हिशेबानं वीसेक चुका व्हायच्याच. त्यातल्या बहुतेक कापून टाकायच्या भागात पडतात, म्हणजे भरताडाचा निदान एवढा तरी उपयोग झाला.

पेशीचं या ढिलाईत काही बिघडत नाही, आणि ते का, हे व्याख्यानातल्या वक्त्यांनी जरूर सांगावं. नक्कल टिकायची नसतेच. जिवाणूंत ती काही मिनिटांत मोडीत निघते, आपल्याकडे काही तासांत. चुकलेल्या नकलेवरून चार प्रथिनं वाकडी निघाली, तर तीही मोडली जातात. दप्तरातली चूक पुढच्या प्रत्येक पेशीत उतरते, म्हणून सगळा काटेकोरपणा तिथे खर्च होतो. नकलेवर फक्त कागद खर्च होतो. काडीही वाया न घालवणारं अचूक यंत्र हे नव्हे. भरमसाट वाया घालवण्याची ऐपत असलेलं हे खातं आहे, आणि तीच त्याची ताकद आहे.

वाया किती जातं, यावर शास्त्रज्ञांचं कडाक्याचं भांडणही झालंय. चारशेहून जास्त संशोधकांच्या ‘एन्कोड’ या प्रकल्पानं २०१२ मध्ये सांगितलं, की आपल्या डीएनएच्या जवळजवळ तीन चतुर्थांश भागाची कुठे ना कुठे, कधी ना कधी नक्कल निघते आणि ऐंशी टक्के डीएनएला काही ना काही काम आहे. वर्तमानपत्रांनी लगेच ‘निरुपयोगी डीएनए’चं तेरावं उरकलं. पुढच्या वर्षी ह्यूस्टनच्या डॅन ग्राऊर यांनी एका झोंबऱ्या लेखात या दाव्याची सालटी काढली. एखाद्या कागदाची नक्कल निघाली म्हणून तो कागद महत्त्वाचा ठरत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ. ज्यानं सरकारी कचेरीत झेरॉक्सचे गठ्ठे पाहिलेत, तो ग्राऊर यांच्या बाजूनं मत देईल.

कारकून असा, तर त्याला शोधणारे तरी सरळ कसे असतील? आरएनए कसा जोडला जातो, या शोधाचं नोबेल १९५९ मध्ये सेव्हेरो ओचोआ यांना मिळालं. त्यांच्या प्रयोगशाळेत मारियान ग्रुनबर्ग-मानागो यांना असं एन्झाइम सापडलं होतं, की ते अक्षरं जोडून आरएनए बनवत होतं. समोर डीएनए नसला तरी त्याचं अडत नव्हतं; हाताला येईल ते अक्षर ते जोडत सुटे. पुढे उलगडा झाला, की पेशीत त्याचं मुख्य काम बरोबर उलटं आहे: आरएनए मोडण्याचं. म्हणजे नक्कल लिहिणारा समजून ज्याच्या गळ्यात हार घातला, तो रद्दीवाला निघाला. खरा कारकून, डीएनए पाहून लिहिणारा, त्या नोबेलच्या सुमारास निरनिराळ्या प्रयोगशाळांना जवळपास एकाच वेळी सापडला. त्याच्या शोधाला नोबेल मिळालं नाही. ओचोआ यांच्या एन्झाइमनं पुढे जनुकीय संकेत उलगडायला मोठी मदत केली, हे इथे नोंदवायला हवं, नाहीतर अन्याय होईल.

त्याच १९५९ च्या समारंभात डीएनए जोडणाऱ्या एन्झाइमसाठी आर्थर कॉर्नबर्ग यांना नोबेलचा दुसरा अर्धा वाटा मिळाला. सोबत बारा वर्षांचा मुलगा रॉजर होता. या मुलानं पुढे यीस्टचा पॉलिमरेज घेऊन वर्षानुवर्षं त्याचे स्फटिक बनवले, २००१ साली त्याचा अणू-अणूचा नकाशा छापला आणि २००६ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल एकट्यानं घेतलं. वडील मूळ दप्तराच्या खात्यात, मुलगा नक्कल खात्यात. घराणेशाहीचा आरोप करायला जागा आहे, पण मुलाच्या हातात कामाचे कागद आहेत.

निरोप्या आरएनएचा, म्हणजे नकलेचा पत्ता लागला तो प्रसंग याहून रंगतदार आहे. पॅरिसमध्ये पार्डी, जेकब आणि मोनो यांनी एक प्रयोग केला होता. तिघांच्या आडनावांची आद्याक्षरं जुळवून सहकारी त्याला ‘पजामा’ म्हणत. एप्रिल १९६० मध्ये, गुड फ्रायडेच्या सुट्टीत, केंब्रिजमध्ये सिडनी ब्रेनर यांच्या खोलीत फ्रान्स्वा जेकब पजामाची हकिकत सांगत होते आणि ऐकता ऐकता ब्रेनर आणि फ्रान्सिस क्रिक एकदम ओरडाआरडा करू लागले. डीएनए आणि रायबोसोम यांच्यामध्ये एक अल्पायुषी नक्कल फिरते, हे त्यांच्या डोक्यात लख्ख पडलं होतं. सिद्ध करायला ब्रेनर आणि जेकब त्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियात मॅथ्यू मेसेल्सन यांच्याकडे गेले. तिथे सीझियमच्या दाट द्रावणात रायबोसोम टिकेनात, सारखे विरघळून जात. परतीचे दिवस जवळ आले. दोघं समुद्रकिनाऱ्यावर तोंड पाडून बसले असताना ब्रेनर ‘मॅग्नेशियम!’ असं ओरडत उठले. रायबोसोमला बांधून ठेवणाऱ्या मॅग्नेशियमला सीझियम हुसकावत होतं; उपाय एवढाच, की मॅग्नेशियम भरपूर घाला. धावत प्रयोगशाळेत येऊन त्यांनी शेवटचा प्रयोग लावला. घाईत किरणोत्सारी फॉस्फरस पाण्याच्या हौदात सांडला, तेव्हा तो हौद तळघरातल्या कोका-कोलाच्या यंत्रामागे लपवण्यात आला. प्रयोग यशस्वी झाला आणि मे १९६१ मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आला. हौदाचा उल्लेख त्या निबंधात नाही.

या कारकुनावर कोणाचा डाव चालतो का? चालतो. ‘डेथ कॅप’ या अळंबीतलं अमॅनिटिन नावाचं विष आपल्या दुसऱ्या पॉलिमरेजच्या सांध्यात जाऊन बसतं. मिनिटाला हजारोंनी अक्षरं लिहिणारा हात दोन-चारांवर येतो. खाणाऱ्याला आधी काही तास काहीच होत नाही, मग उलट्या-जुलाब, मग एखाद-दोन दिवस चक्क बरं वाटतं. जुन्या नकला असेपर्यंत काम चालतं. त्या संपल्या, की यकृत कोसळतं.

हाच डाव औषधानंही खेळता येतो. जिवाणूंचा पॉलिमरेज वेगळ्या घडणीचा आहे.  १९५७ साली दक्षिण फ्रान्समधल्या पाइनच्या जंगलातली चिमूटभर माती मिलानच्या लेपेती प्रयोगशाळेत तपासली गेली आणि तिच्यातून रिफामायसिन निघालं. त्या वेळी गाजत असलेल्या ‘रिफीफी’ या दरोड्यावरच्या फ्रेंच चित्रपटावरून हे नाव पडलं. त्याच्यातून पुढे रिफाम्पिसिन घडवलं गेलं. ते क्षयाच्या जंतूच्या पॉलिमरेजमध्ये, नवा आरएनए जिथून बाहेर पडतो त्याच वाटेत आडवं बसतं. दोन-तीन अक्षरांपुढे नक्कल सरकत नाही. आपल्या पॉलिमरेजला त्याचा धक्का लागत नाही. लघवी मात्र केशरी होते, आणि पहिल्या दिवशी घरात घबराट उडते.

जंतूच्या पॉलिमरेजच्या जनुकात ८१ अक्षरांची एक छोटी पट्टी आहे. तिथे एखादं अक्षर बदललं, की औषधाला बसायला जागा उरत नाही. रिफाम्पिसिनला दाद न देणाऱ्या क्षयाची बहुतेक कारणं या पट्टीतच सापडतात. गोव्यातल्या वेर्णे येथील मोलबायो कंपनीची ‘ट्रूनॅट’ चाचणी क्षयाच्या रुग्णात हेच बदल शोधते. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं तिला मान्यता दिली आणि आज देशभरातल्या सरकारी केंद्रांत ती वापरली जाते.

गोळ्या मधेच सोडल्या, तर असे बदललेले जंतू मागे उरतात आणि वाढतात. नेहमीच्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा असतो आणि सरकारी दवाखान्यात तो फुकट मिळतो. घरात किंवा शेजारी कोणाला या गोळ्या चालू असतील, तर केशरी लघवीला घाबरू नका असं त्यांना सांगा, आणि दोन महिन्यांत बरं वाटलं तरी एकही दिवस चुकवू देऊ नका.